कीटो, व्हीगन, मिलेट, दोन वेळचं जेवण: आपल्या ताटातली पथ्यं कुत्र्याच्या भांड्यात चालतात का?

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमधलं चार जणांचं कुटुंब. वडील कीटोवर (भात-पोळी जवळपास बंद, चरबी भरपूर), मुलगी व्हीगन (दूध-अंडीसुद्धा न खाणारी), आजी-आजोबा डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दिवसातून दोनदा जेवणारे. घरात सहा वर्षांची, नसबंदी झालेली 38 किलोची लॅब्राडॉर आणि साधारण 20 किलोचा एक देशी कुत्रा. ‘आम्हाला फरक पडला, मग यांनाही यातलंच काही सुरू करावं का? निदान ग्लुटेन तरी बंद करावं का? मिलेट द्यावेत का?’

माणसांच्या बहुतेक पथ्यांचा जन्म माणसांच्या आजारांतून झाला आहे: टाइप 2 मधुमेह, हृदयाच्या धमन्यांत साचणारी चरबी, फॅटी लिव्हर, दिवसभर चरत राहण्याची सवय. कुत्र्यांचे आजार वेगळे आणि त्यांची कारणंही वेगळी. कुत्र्यांचा मधुमेह बहुतांशी स्वादुपिंडातून इन्सुलिनच न येण्याचा असतो, त्याला इन्सुलिन टोचावंच लागतं, भात-पोळी बंद करून तो जात नाही. धमन्या तुंबून येणारा हार्ट अटॅक कुत्र्यांत फार विरळा. त्यामुळे ‘कोलेस्टेरॉल वाढेल’ म्हणून अंड्यातला पिवळा बलक काढून टाकणं हे कुत्र्याचं निव्वळ नुकसान आहे, कारण अंड्यातलं जीवनसत्त्व अ, ड आणि कोलीन त्या बलकातच असतं. बिनतेलाचा उकडलेला चिकन-भात खाणाऱ्या कुत्र्याची कातडी कोरडी पडते, केस निस्तेज होतात, कारण लिनोलेइक आम्ल हा चरबीतला आवश्यक घटक त्याला तेलातूनच मिळायचं असतं. म्हणून कुठलंही पथ्य समोर आलं की दोनच गोष्टी तपासाव्यात: या भांड्यात कुत्र्याला लागणारं सगळं आहे का, आणि ते किती ग्रॅम आहे.

आता एकेक घेऊ. कीटोवर जरा थांबावं लागेल, कारण यात धोका सगळ्यात लवकर होतो.

कीटोमध्ये 70 टक्के किंवा त्याहून जास्त कॅलरी चरबीतून येतात. तुमच्या लॅबसाठी दिवसाला 900 कॅलरी धरल्या तर त्यातल्या 630 चरबीतून, म्हणजे 70 ग्रॅम चरबी. पोहे खायच्या चमच्याने मोजलं तर चौदा-पंधरा चमचे तूप होतं. लठ्ठ, मध्यमवयीन, कमी हिंडणाऱ्या कुत्रीला अचानक इतकी चरबी दिली तर स्वादुपिंडाला सूज येण्याची शक्यता वाढते. लक्षणं ठरलेली: सारख्या उलट्या, जेवणाकडे पाठ, पोटाला हात लावू न देणं, आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून ताणलेलं उभं राहणं. असं दिसलं तर घरी ताक-भात देऊन वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, स्वादुपिंडाची खास लायपेझ चाचणी (रक्ताची) आणि सोनोग्राफी करून घ्या. मिनिएचर श्नाउझर जातीत रक्तातली चरबी मुळातच जास्त असते, त्यांच्या घरात तर कीटोचं नावही काढू नये.

शिवाय कुत्रा माणसासारखा चटकन कीटोसिसमध्ये, म्हणजे चरबीपासून बनलेल्या कीटोनवर शरीर चालण्याच्या अवस्थेत, जात नाही. उपाशी राहिला तरी त्याच्या रक्तात कीटोन फार चढत नाहीत. मग ज्या परिणामासाठी हा खटाटोप करायचा तो परिणामच नीट मिळत नाही. अपस्माराच्या काही कुत्र्यांना औषधांच्या जोडीला एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीच्या चरबीचं) तेल असलेला आहार देतात आणि त्याचा उपयोगही दिसला आहे. पण त्या आहारात धान्य असतं, तेलाचं प्रमाण ठरलेलं असतं. घरच्या कीटोशी त्याचा संबंध नाही.

कीटोवाल्या घरात याहून मोठी भीती स्वयंपाकघराच्या कप्प्यात असते. साखरेऐवजी वापरलेलं झायलिटॉल. शुगर-फ्री च्युइंगम, काही प्रोटीन बार, काही पीनट बटर, काही टूथपेस्ट यांत ते सापडतं. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे 0.1 ग्रॅम पोटात गेलं तरी रक्तातली साखर कोसळू शकते, आणि 0.5 ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याचा धोका असतो. पाच किलोच्या शिह त्झूला च्युइंगमची एक-दोन गोळ्यांची पट्टी पुरते. घटकांच्या यादीत झायलिटॉल किंवा ‘बर्च शुगर’ दिसलं तर ती बरणी उंच कपाटात ठेवा, आणि कुत्र्याने खाल्ल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न बघता निघा.

दीक्षित पद्धतीबद्दल. प्रौढ कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ दोन वेळा जेवण ही पशुवैद्यकात आधीपासूनचीच शिफारस आहे, तिथे काही बदलायचं नाही. साधारण बारा तासांचं अंतर उत्तम: सकाळी आठला एक, रात्री आठला एक. बिघडतं ते पुढच्या पायरीला, म्हणजे ‘सोळा तास उपवास’ किंवा ‘एकच वेळ जेवण’ सुरू केलं की. बऱ्याच कुत्र्यांना पहाटे रिकाम्या पोटी पिवळा फेस उलटतो. पोट फार वेळ रिकामं राहून पित्त वर आल्याने हे होतं, आणि त्यावर पहिला उपाय उपवास वाढवण्याच्या अगदी उलट आहे: झोपताना रोजच्या हिश्शातलंच थोडं खाणं. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या मोठ्या जातींत दिवसाचं सगळं एकदाच खायला घालणं याने पोट फुगून पीळ पडण्याचा धोका वाढतो हे ओळखलेलं आहे, आणि त्यात काही तासांत जीव जातो. पोमेरेनियन किंवा चिवावाच्या पिल्लाला तर चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा द्यावंच लागतं, नाहीतर साखर उतरून ते लटपटायला लागतं. निरोगी प्रौढ कुत्रा एखादा दिवस जेवला नाही तर त्याने काही बिघडत नाही, पण उपवासाला औषध समजून तो रोज लादू नये.

व्हीगनबाबत लोक दोन टोकांना असतात. ‘कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला मांसच हवं’ हेही बरोबर नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेझच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या सोबतीने राहताना कुत्रा शिजवलेलं धान्य पचवायला शिकला आहे. तो गाजर-भोपळ्यातल्या बीटा-कॅरोटीनपासून जीवनसत्त्व अ बनवतो, मेथिओनीन आणि सिस्टीन या प्रथिनांच्या घटकांपासून हृदयाला लागणारं टॉरीन बनवतो. मांजराला हे जमत नाही, त्यामुळे घरात मांजर असेल तर तिच्यासाठी हा विचारच नको. पण कुत्र्याला जमतं याचा अर्थ वरण-भातावर भागतं असा नाही. ब-12 वनस्पतीत नसतं. जीवनसत्त्व ड कुत्र्याची कातडी उन्हात पुरेसं बनवत नाही, ते अन्नातूनच लागतं. डाळींत मेथिओनीन कमी, आणि टॉरीन त्यातूनच बनायचं.

हिशेब करून बघा. 10 किलोच्या, घरात राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला 550 कॅलरी लागतात आणि किमान 25 ग्रॅम प्रथिनं. वनस्पतीतली प्रथिनं कमी पचतात म्हणून 35 ग्रॅम धरावीत. एका वाटी वरणात 30 ग्रॅम डाळ, म्हणजे सहा-सात ग्रॅम प्रथिनं. पाच वाट्या वरण खाऊन त्याचं पोट गच्च होईल, गॅस आणि पातळ शी होईल, आणि मेथिओनीन तरीही तोकडंच पडेल. पूर्ण व्हीगन द्यायचंच असेल तर पशुआहारतज्ज्ञाने लिहून दिलेला आहार, त्यात ब-12, ड, जस्त, मेथिओनीन, टॉरीन मोजून घातलेलं, आणि सहा महिन्यांनी रक्ततपासणी. पिल्लू आणि गाभण कुत्री यांच्यावर हा प्रयोग करू नये. शाकाहारी घराला मधला रस्ता बराच सोपा आहे: अंडी आणि पनीर. दोन अंड्यांतून 12-13 ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिनं मिळतात, ब-12 आणि ड सुद्धा. पनीर गायीच्या दुधाचं, कमी चरबीचं आणि मिठाशिवाय घ्यावं.

श्रावणात पुण्यातल्या पुष्कळ घरांत मटण-चिकन बंद होतं आणि कुत्र्याचंही एका दिवसात बंद होतं. वर्षभर चिकन पचवणाऱ्या आतड्याला दुसऱ्या दिवशी डाळ-दूध आलं की जुलाब ठरलेले. श्रावण सुरू व्हायच्या सात-आठ दिवस आधीपासून बदल करा: पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवीन, पुढचे दोन दिवस अर्धा, मग पाऊण. एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट आणि तेल, ती कुत्र्याचं जेवण होऊ शकत नाही. उपासाच्या ताटातून मनुका-बेदाणे तर चुकूनही देऊ नका. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं आता मानलं जातं, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंच खाऊन मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्यांची नोंद झालेली आहे. म्हणजे चिंच-गुळाची आमटी, भेळेची चटणी, शिऱ्यातले बेदाणे, सगळं बाद. वरण द्यायचं तर फोडणीआधी वेगळं काढलेलं. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, शिजवल्याने तो दोष जात नाही.

ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाचा, प्रश्न लवकर संपतो. आयरिश सेटरच्या काही वंशांत गव्हाने आतड्याचा आजार होतो आणि बॉर्डर टेरियरमध्ये ग्लुटेनशी जोडलेले आचके दिसतात. या दोन जाती सोडल्या तर ग्लुटेन हा कुत्र्यांचा मोठा प्रश्न नाही. पुण्याच्या दमट पावसाळ्यात कान-पंजे चाटणाऱ्या, खाजवणाऱ्या कुत्र्याची पोळी पहिल्यांदा बंद होते. पण अन्नाच्या ॲलर्जीत सर्वांत जास्त सापडतात ते बीफ, दुधाचे पदार्थ आणि चिकन. गव्हाचा नंबर त्यानंतर येतो. आणि अन्नापेक्षा गोचीड, पिसवा आणि हवेतली ॲलर्जी ही कारणं जास्त. खात्री करायची तर एकच रीत आहे: कुत्र्याने आयुष्यात न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट, किंवा डॉक्टरांनी दिलेलं हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं) खाणं, किमान आठ आठवडे. या काळात बिस्किट नाही, चिकनच्या चवीची जंताची गोळीही नाही. खाज थांबली तर जुनं अन्न परत देऊन ती पुन्हा येते का ते बघायचं. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग नक्की कशाने खाज होती ते कधीच कळत नाही. रक्त किंवा केस पाठवून होणाऱ्या ‘फूड ॲलर्जी’ चाचण्यांवर पैसे घालू नका.

‘ग्रेन-फ्री’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या कोरड्या खाण्यात धान्याच्या जागी बहुधा वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा असतो. पिष्ट तितकंच राहतं. जुलै 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) अशा खाण्याचा आणि हृदयाचे स्नायू ताणून कमकुवत होण्याच्या आजाराचा संबंध तपासायला घेतला. ज्या जातींत हा आजार सहसा नसतो अशा कुत्र्यांतही तो दिसू लागला होता. कारण अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण धान्य टाळण्याने फायदा झाल्याचाही पुरावा नसताना हा धोका पत्करायचं कारण मला दिसत नाही. गोल्डन रिट्रिव्हर असेल तर अजिबातच नको. पाकिटावर पहिल्या पाच घटकांत तीन डाळी असतील तर ते खाली ठेवावं.

मिलेटचं मला स्वागत वाटतं, पण ज्या कारणासाठी ते दिले जातात ते कारण चुकीचं आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा मऊ शिजवलेली कण्या-भरड हे भातासारखंच पिष्ट आहे, तंतू थोडे जास्त. कच्चट राहिलं तर शी मोठी आणि सैल होते. नाचणी मात्र ‘कॅल्शियमसाठी’ पिल्लांना भरवली जाते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. चार महिन्यांच्या, 10 किलोच्या लॅबच्या पिल्लाला दिवसाला अंदाजे अडीच ते तीन ग्रॅम लागतं, म्हणजे पाऊण किलोहून जास्त नाचणी. शिवाय नाचणीतलं फायटेट हे धान्यातलं संयुग कॅल्शियम आणि जस्त दोन्ही अडवतं. दूध-पोळी, दूध-नाचणी किंवा नुसता चिकन-भात यावर वाढलेल्या पिल्लांचे पाय वाकतात, साध्या उडीत हाड मोडतं. दुसऱ्या बाजूला, पूर्ण आहाराचं पपी फूड चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप घातलं तर मोठ्या जातींची हाडं आणि सांधे बिघडतात, कारण सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवू शकत नाही. पाकिटावर वाढीच्या वयासाठी ‘संपूर्ण व संतुलित’ असं लिहिलेलं असेल तर सिरप बंद.

कच्चं मांस, ज्याला बार्फ म्हणतात, त्याबद्दल माझं मत कडक आहे. साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया फ्रीजरमध्ये मरत नाहीत, नुसते थांबतात. कुत्रा स्वतः धडधाकट दिसतो आणि शीतून, तोंडातून ते जंतू घरभर पसरवतो. तुमच्या घरात आजी-आजोबा आहेत, एवढं कारण पुरे. चिकनच्या दुकानातून ‘कुत्र्यासाठी’ म्हणून मिळणारी मान, मुंडकी, पाय, कातडी यात मांस थोडं आणि चरबी-हाडं जास्त. शिजवलेलं हाड तर तुकडे होऊन आतड्यात अडकतं.

आता भांड्यात काय घालायचं ते. आधी कॅलरी. सूत्र असं: वजन किलोत घ्या, त्याचा 0.75 घात, गुणिले 70. 20 किलोला 662 येतात. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला पुस्तकात त्याच्या 1.6 पट सांगतात, पण फ्लॅटमध्ये राहून दिवसातून दोनदा अर्धा तास फिरणाऱ्याला 1.3 ते 1.4 पुरते. तुमच्या देशी कुत्र्याला म्हणजे सुमारे 900. घरचं शिजवायचं असेल तर दिवसाचा हिशेब: बिनहाडाचं, बिनकातड्याचं चिकन शिजवून 250 ग्रॅम (कच्चं साधारण 330), एक उकडलेलं अंडं, शिजलेला मऊ भात 200 ग्रॅम, दुधी-लाल भोपळा-फरसबी 100 ग्रॅम, दोन छोटे चमचे करडई किंवा सूर्यफूल तेल. हे 885 कॅलरीच्या आसपास येतं. यात फॉस्फरस सुमारे 700 मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम 100. म्हणून अंड्याच्या कवचाची पूड अर्धा छोटा चमचा, म्हणजे अंदाजे अडीच-तीन ग्रॅम. त्यातून एक ग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि गणित जुळतं. कवचं धुऊन दहा मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा, मंद आचेवर भाजून मिक्सरमध्ये टाल्कसारखी बारीक करा, चाळून घ्या. कणी राहिली तर आतड्याला टोचते आणि शोषलीही जात नाही. आयोडीनयुक्त मीठ एक ग्रॅम, म्हणजे मोठी चिमूट, घालावं. ‘कुत्र्याला मीठ विष’ असा समज आहे, पण बिनमिठाच्या घरगुती जेवणात सोडियम आणि आयोडीन दोन्ही कमी पडतात. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

एवढं करूनही ते पूर्ण होत नाही. जस्त हवं 18 मिलिग्रॅम, यात येतं सात. जीवनसत्त्व ड आणि ई, तांबं, मँगनीज कमीच. जस्त कमी पडलं की डोळे-तोंडाभोवती आणि पंजाच्या गादीवर खपल्या येतात, आणि पुन्हा ‘ॲलर्जी’ म्हणून चिकन बंद केलं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्राने 2013 मध्ये घरगुती खाण्याच्या 200 पाककृती तपासल्या. 95 टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक कमी होता, आणि त्यातल्या बऱ्याच पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. त्यामुळे घरच्या जेवणासाठीच बनवलेलं, प्रमाण लिहिलेलं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दुकानातलं साधं मल्टिव्हिटॅमिन सिरप ही जागा भरत नाही. कलेजी आठवड्यातून एकदा 40-50 ग्रॅम पुरे, रोज दिली तर जीवनसत्त्व अ आणि तांबं साठत जातं, आणि लॅब्राडॉरला तांब्याने यकृताचा आजार होण्याकडे कल असतो.

तुमच्या लॅबचा खरा प्रश्न ‘कुठलं पथ्य’ हा नाहीच, वजन हा आहे. तिच्या बांध्याला 30 किलो ठीक धरलं तर 30 किलोच्याच हिशेबाने 900 कॅलरी, त्याला 1.6 ने गुणायचं नाही. लॅब्राडॉरमध्ये साधारण चौथ्या हिश्शाला पीओएमसी नावाच्या जनुकात बदल असतो, त्यांना भूक खरंच जास्त लागते. ती हट्टी किंवा लाडावलेली आहे असं समजून रागावू नका, भांड्यात उकडलेली दुधी-फरसबी वाढवून पोट भरा. बिस्किटं मोजा: एक ग्लुकोज बिस्किट 20-25 कॅलरी, चौघांनी दोन-दोन दिली की दोनशे संपल्या. वरकड खाऊ दिवसाच्या दहा टक्क्यांत, म्हणजे 90 कॅलरीत बसला पाहिजे, आणि तो एकाच डब्यात सकाळी काढून ठेवा म्हणजे कोणी किती दिलं ते दिसेल. इतक्या कमी कॅलरीत घरच्या जेवणातून सगळी खनिजं बसवणं अवघड असतं, म्हणून तिच्यासाठी वजन कमी करण्याचं प्रिस्क्रिप्शन खाणं जास्त सुरक्षित. कपाने मोजू नका, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. सुरू करण्याआधी थायरॉइड, यकृत, साखर तपासून घ्या.

आठवड्याला एक ते दीड टक्का, म्हणजे 400 ते 550 ग्रॅम उतरले तर वेग बरोबर आहे. दर पंधरा दिवसांनी दवाखान्याच्या काट्यावर वजन करा. सलग दोनदा काटा हलला नाही तर दहा टक्के कमी करा, पण 750 कॅलरीच्या खाली डॉक्टरांशिवाय जाऊ नका. हाताने तपासायची खूणही आहे: मूठ वळा, दुसऱ्या हाताची बोटं गाठींवरून फिरवा, बरगड्या तशा टोकदार लागल्या तर कुत्रा बारीक, मूठ सोडून हात पालथा सपाट ठेवा, त्याच्या पाठीवरून बोटं फिरवल्यासारखं लागलं तर बरोबर, तळहाताच्या मांसल भागासारखं मऊ लागलं तर लठ्ठ. मेहनत सार्थकी लागते: चौदा वर्षं चाललेल्या एका अभ्यासात 48 लॅब्राडॉर जोडीजोडीने वाढवले, प्रत्येक जोडीतल्या एकाला पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य 13 वर्षं झालं, दुसऱ्यांचं 11.2, आणि संधिवाताचं औषधही त्यांना बरंच उशिरा लागलं. वजन उतरायला पाच-सहा महिने लागतील. तोवर टेकडीचा चढ आणि पळापळ टाळा, सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा वीस मिनिटं चाला, आणि पाच किलो उतरले की मग हळूहळू चढ सुरू करा.